कोयता एक, रोगी दोन : व्यसनी पतिपत्नींच्या उपचारांत औषध व समुपदेशन

खेडोपाडीं काम करणारे आमचे उपदेशक बंधु आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारीत असतात. तो असा : "एका घरांत नवरा आणि बायको दोघेंही दारू पितात. आतां दोघांनींही ती सोडण्याचा निश्चय केला आहे. डॉक्टर म्हणतात कीं गोळ्या घ्या, आणि समुपदेशनासही या. शेजारी म्हणतात, निश्चय खरा असेल तर गोळ्या कशाला? अशा वेळीं आम्हीं काय सांगावें?" या प्रश्नाचें उत्तर आजच्या पाठांत द्यावयाचें आहे. परंतु त्यापूर्वीं आमची स्वतःची एक चूक सांगणें आम्हांला प्राप्त आहे. कारण हें उत्तर पुस्तकांत वाचण्याआधीं आम्ही त्या चुकीपासून शिकलों.

१. आमची चूक

ऊसतोडीच्या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक आहेच. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो; नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि हिशेब दोघांचा मिळून एकच. असा एक कोयता आमच्या मंडळींत होता. दिवसभर फडांत वांकून तोडणी करावयाची आणि रात्रीं-अपरात्रीं गाडी भरावयाची, यानें अंग मोडून जाई. अंगदुखीवर उपाय म्हणून नवऱ्यानें दारू धरली. कांहीं वर्षांनीं "घोटभर घे, झोप लागेल," असें म्हणून त्यानेंच ती बायकोला पाजली. पुढें तिच्यावांचून दोघांचीही संध्याकाळ सरेना. उचल फिटेना, आणि लेंकरें कोपींत उपाशीं निजूं लागलीं.

एका हंगामाच्या शेवटीं दोघें आमच्या दारीं आलीं आणि "आजपासून बंद" असें त्यांनीं आमच्यासमोर कबूल केलें. आम्हांला मोठा आनंद झाला. आम्हीं प्रार्थना केली आणि सांगितलें कीं, आतां दुसरें कांहीं लागत नाहीं, मन तेवढें घट्ट ठेवा. दुसऱ्या दिवशीं नवऱ्याचे हात कांपूं लागले व त्याला दरदरून घाम सुटला. त्या रात्रीं दांतखीळ बसून त्याला झटका आला. आम्हीं तो अशक्तपणा समजलों. तिसऱ्या रात्रीं त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा व कोपऱ्यांत साप दिसूं लागले, आणि तो स्वतःच्या मुलांना ओळखीना. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. आम्ही म्हणालों, जुन्या संवयीशीं झगडा चालला आहे, सकाळपर्यंत निवळेल. दोन्ही बोलणीं अज्ञानाचीं होतीं. पहाटे जीप मिळाली, तेव्हां त्याला तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं आम्हांला एवढेंच विचारलें, "हा रोज पीत होता हें ठाऊक असतां एकदम बंद करावयास कोणीं सांगितलें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

तो मनुष्य वांचला. आठव्या दिवशीं तो घरीं परत आला तों बायको पिऊन पडलेली. त्या आठ दिवसांत तिला कोणींही कांहीं विचारलें नव्हतें. तिचे हात कांपतात काय, तिला झोप लागते काय, तिच्या नांवाचा केसपेपर काढावा काय, याचा विचार आम्हीं केला नाहीं, तिच्या नवऱ्यानेंही केला नाहीं. आम्हीं मुकादमासारखा दोघांचा हिशेब एकच धरला होता. ही हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाले, "पाळकसाहेब, कोयता एक असेल, पण रोगी दोन आहेत." या पाठाचें सार हेंच आहे.

२. शरीर बंड कां करितें?

दारू मेंदूला मंद करिते. जो मनुष्य वर्षानुवर्षें रोज पितो, त्याचा मेंदू या मंदपणाशीं जुळवून घेण्यासाठीं स्वतःला अधिक ताणून धरितो. दोर जोरानें ओढीत असतां तो अचानक तुटला म्हणजे ओढणारा उताणा पडतो. तशीच गत दारू एकदम बंद झाल्यावर मेंदूची होते. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ व निद्रानाश सुरू होतो. झटके यावयाचे असल्यास ते बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत कांहीं रोग्यांस ताप, धडधड व भ्रम होतो; या स्थितींत उपचार न मिळाल्यास मृत्युही येऊं शकतो. हा शरीराचा रोग आहे. मनाची दुर्बलता नव्हे, आणि भूतबाधा तर नव्हेच.

या काळासाठीं डॉक्टर डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम या जातीचें औषध देतात. त्याची मात्रा दिवसेंदिवस उतरवीत नेऊन साधारणपणें आठवड्याभरांत तें थांबवितात. या गोळ्यांचीही संवय लागते, म्हणून त्या दुकानांतून आपल्या मनानें आणूं नयेत. त्यांच्या जोडीला थायमिन, म्हणजे बी-१ हें जीवनसत्त्व, देण्यांत येतें. कारण फार पिणाऱ्याच्या शरीरांत तें उरत नाहीं, आणि त्याच्या अभावीं चाल, दृष्टि व स्मरण हीं कायमचीं बिघडूं शकतात.

प्रत्येक पिणाऱ्याला हें सर्व लागतेंच असें नाहीं. परंतु कोणाला लागेल हें पाळकानें किंवा शेजाऱ्यानें ठरवूं नये. जो रोज पितो, ज्याचे हात सकाळीं पेला घेतल्यावांचून स्थिर होत नाहींत, किंवा ज्याला पूर्वीं झटका आला आहे, त्यानें घरीं एकदम बंद करूं नये. आधीं डॉक्टरांकडे जावें.

३. पुढील महिन्यांचीं औषधें

पहिला आठवडा पार पडला म्हणजे शरीर शांत होतें, परंतु ओढ जात नाहीं. या ओढीसाठीं मुख्यतः तीन औषधें वापरण्यांत येतात.

पहिलें डायसल्फिराम. डेन्मार्कमधील कोपेनहेगन येथें येन्स हाल्ड व एरिक याकोबसन यांनीं १९४८ सालीं या औषधाचा दारूवरील उपयोग प्रसिद्ध केला. शरीरांत दारूचें विघटन होतांना एक विषारी पदार्थ तयार होतो. एरव्हीं तो लगेच नाहींसा होतो. ही गोळी घेतलेली असली म्हणजे तो सांचून राहतो. मग दारू घेतांच तोंड लाल होतें, छाती धडधडते, वांत्या होतात व रक्तदाब खालीं येतो. म्हणजे ही गोळी ओढ मारीत नाहीं; ती दारावर कुलूप घालते. शेवटच्या दारूनंतर निदान १२ तास गेल्यावांचून ती देत नाहींत, आणि गोळी थांबविल्यावरही सुमारें दोन आठवडे तिचा परिणाम राहूं शकतो. हृदयाचा विकार असणाऱ्यास ती धोक्याची आहे, आणि यकृतावरही लक्ष ठेवावें लागतें.

दुसरें नालट्रेक्सोन. दारूपासून मेंदूला जें सुख होतें तें हें औषध बोथट करितें, म्हणून एका पेल्यावरून दुसऱ्याकडे जाण्याची ओढ कमी होते. अफू किंवा ब्राऊन शुगर यांचें व्यसन असणाऱ्यानें तीं बंद होऊन ७ ते १० दिवस झाल्यावांचून हें घेऊं नये; घेतल्यास तीव्र यातना होतात. तिसरें अकॅम्प्रोसेट. तें दिवसांतून तीन वेळां घ्यावें लागतें. तें मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें, म्हणून मूत्रपिंडें नीट असलीं पाहिजेत; परंतु ज्याचें यकृत बिघडलें आहे अशा पुष्कळांना तें देतां येतें.

हा तपशील आम्ही एवढ्याचसाठीं देत आहों कीं, नवऱ्याची गोळी बायकोला चालेलच असें नाहीं हें वाचकांच्या ध्यानांत यावें. एकाचें हृदय, दुसऱ्याचें यकृत. एकीला दिवस गेलेले, दुसऱ्याला जुना आजार. एका पाकिटांतून दोघांनीं गोळ्या खाणें म्हणजे दोघांनीं एकच चष्मा लावण्यासारखें आहे.

४. चोरून औषध देऊं नये

आमच्या खेड्यांतून एक मोठी घातक चाल पडली आहे. भिंतीवर जाहिरात असते : "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा." बायको बिचारी कर्ज काढून पुडी आणते आणि भाजींत मिसळते. त्या पुडींत काय आहे हें कोणींही सांगूं शकत नाहीं. तींत डायसल्फिराम असेल आणि नवरा नेहमींप्रमाणें पिऊन आला, तर तो आपल्या ताटाशींच कोसळेल, आणि डॉक्टरांनाही कारण कळणार नाहीं. हें औषध रोग्याच्या पूर्ण माहितीनें व संमतीनेंच द्यावें, असा वैद्यकाचा नियम आहे.

यांत आणखी एक हानि आहे. व्यसनानें घराचें जें सर्वांत मोठें नुकसान होतें तें पैशाचें नव्हे, विश्वासाचें. नवरा खोटें बोलून पितो. बायकोनें खोटें बोलून औषध द्यावें, तर त्या घरांत विश्वास कोठून उगवावा? पत्नीच्या हतबलतेला आम्ही दोष देत नाहीं. परंतु उपदेशकानें तिला ती पुडी टाकून देण्यास सांगावें, आणि तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावें.

५. गोळी जें करूं शकत नाहीं

गोळी कंप थांबविते, ओढ कमी करिते. परंतु संध्याकाळचे सहा वाजले म्हणजे आतां काय करावें, जुना सोबती दारांत उभा राहिला तर त्याला काय म्हणावें, बायकोनें गेल्या वर्षाची मारहाण काढली तर कसें ऐकून घ्यावें, हें गोळी शिकवीत नाहीं. त्यासाठीं समुपदेशन असतें. म्हणजे त्या कामाचें शिक्षण घेतलेल्या माणसापाशीं नियमानें बसून बोलणें व नवी रीत शिकणें.

पतिपत्नींना एकत्र बसवून समुपदेशन करण्याची एक पद्धत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत टिमथी ओफॅरल व त्यांचे सहकारी यांनीं वाढविली. ती साधारण १२ ते २० बैठकींची असते. तिचा गाभा फार साधा आहे. रोज एका ठरलेल्या वेळीं पिणारा जोडीदार दुसऱ्यासमोर म्हणतो, "आजचा दिवस मी पिणार नाहीं." दुसरा त्याबद्दल त्याचे आभार मानतो. डॉक्टरांनीं गोळी दिली असल्यास ती त्याच वेळीं त्याच्यासमोर घ्यावयाची आणि दिनदर्शिकेवर खूण करावयाची. मागल्या दारूचा विषय घरांत काढावयाचा नाहीं; तो बैठकींतच काढावयाचा. येथें औषध व समुपदेशन एकमेकांत गुंतलेलीं दिसतात. डायसल्फिराम एकट्यानें घ्यावयाचें असलें तर माणूस तें लौकरच टाकून देतो. कोणाच्या देखत घेतलें म्हणजे तें टिकतें. आणि जी बायको काल रात्रभर खिसे चाचपीत होती, तिला पहाऱ्याऐवजीं साक्षीदाराचें काम मिळतें.

कोणी विचारील, दोन्ही उपचार प्रत्येकाला हवेतच काय? २००६ सालीं अमेरिकेंत दारूच्या १,३८३ रोग्यांवरील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो ११ ठिकाणीं झाला व उपचार १६ आठवडे चालले. त्यांत नालट्रेक्सोन घेणाऱ्यांस फायदा झाला, आणि विशेष समुपदेशन घेणाऱ्यांसही झाला. दोन्ही एकत्र दिल्यानें मात्र आणखी भर पडलेली दिसली नाहीं. अकॅम्प्रोसेटचा त्या अभ्यासांत फायदा दिसला नाहीं, जरी इतर अभ्यासांत तो दिसला आहे. परंतु ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, गोळ्या घेणाऱ्यांनाही डॉक्टर किंवा परिचारिका नियमानें भेटत व विचारपूस करीत. नुसतें पाकीट हातांत देऊन कोणालाही घरीं पाठविलें नव्हतें. यावरून आम्ही असें समजतों कीं, एकाला गोळी अधिक आधार देईल, दुसऱ्याला बैठक. कोणाला काय, हें त्या त्या माणसाकडे पाहून ठरवावें. पतिपत्नींच्या बाबतींत मात्र घर सांधण्याचें काम कोणतीही गोळी करीत नाहीं, म्हणून तेथें बैठक सहसा टाळूं नये.

६. दोघेंही व्यसनी असतां

वर सांगितलेली पद्धत मूळची अशा जोडप्यांसाठीं आहे कीं ज्यांत एक पितो व दुसरा पीत नाहीं. दोघेंही पीत असलीं व एकालाच सोडावयाचें असलें, तर ती सहसा चालत नाहीं. कारण साक्षीदारच बाटली घेऊन बसलेला असतो. दोघांचीही मनापासून इच्छा असेल तर ती करितां येते, परंतु कांहीं गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली : प्रत्येकाचा केसपेपर वेगळा, तपासणी वेगळी, औषध वेगळें. प्रत्येकानें समुपदेशकाला एकट्यानेंही भेटावें. जोडीदारासमोर न बोलवणारें पुष्कळ असतें.

दुसरी : एक घसरला तर दुसऱ्यानें काय करावयाचें हें शुद्धीवर असतांनाच ठरवून ठेवावें. त्या रात्रीं कोणाच्या घरीं निजावयाचें, मुलें कोठें राहतील, सकाळीं दवाखान्यांत कोण नेईल. एकाचें घसरणें हें दुसऱ्याला पिण्याचें निमित्त होऊं नये.

तिसरी : घरांत मारहाण व भीति असेल तर दोघांना एकत्र बसवूं नये. जी स्त्री बैठकींत खरें बोलली म्हणून घरीं मार खाते, तिला ती बैठक उपचार नव्हे. आधीं तिची सुरक्षितता, मग बाकीचें.

चौथी : पत्नीला दिवस गेले असतील तर डॉक्टरांना पहिल्याच भेटींत सांगावें, औषधें त्याप्रमाणें बदलतात. अफूच्या जातीचें व्यसन असलेल्या गर्भिणीनें तें एकदम बंद करणें बाळाला धोक्याचें असतें. अशा व्यसनासाठीं मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन हीं औषधें आहेत. मेथाडोनचा हा उपयोग न्यूयॉर्कमध्यें व्हिन्सेंट डोल व मारी नायस्वँडर यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केला. जिभेखालीं ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आपल्या देशांतील केंद्रांतूनही देतात. हीं औषधें दीर्घकाळ चालतात. "एक व्यसन सोडून दुसरें धरलें" असें त्यांस कोणीं हिणवूं नये. जो मनुष्य औषध घेऊन कामावर जातो व मुलांना जेवूं घालतो, तो बरा होत आहे.

पांचवी : नवऱ्याची दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्या बायकोच्या मिश्रीकडे कोणी पाहत नाहीं. मिश्री ही तंबाखूच आहे. तिच्यासाठींही निकोटिनची चघळण्याची गोळी व समुपदेशन असे उपाय आहेत.

७. मंडळीचें काम

"आम्ही डॉक्टर नाहीं, आम्ही काय करणार?" असें उपदेशकानें म्हणूं नये. गोव्यांत १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतून एक अभ्यास झाला व तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. हानि होईल इतकें पिणाऱ्या, परंतु पूर्ण आहारीं न गेलेल्या ३७७ पुरुषांचा त्यांत समावेश होता. त्यांतील अर्ध्यांच्या भेटी घेणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते; शिक्षण देऊन तयार केलेलीं साधीं माणसें होतीं. तीन महिन्यांनीं त्यांच्याकडील १०० पैकीं सुमारें ३६ जणांचें पिणें धोक्याच्या रेषेखालीं आलें. नेहमींचा उपचार मिळालेल्यांत हें प्रमाण २६ होतें. म्हणजे शिकून घेतलेलें साधें बोलणेंही उपयोगी पडतें. जो पूर्ण आहारीं गेला आहे त्याला मात्र आधीं डॉक्टरच पाहिजे.

पुण्यास डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. तेथें रोग्यांच्या पत्नींसाठीं "सहचरी" नांवाचा गट आहे. पत्नीलाही आधार पाहिजे हें त्या संस्थेनें ओळखलें. कोठें जावें हें न कळल्यास १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य विचारतां येतें.

मंडळीनें आणखी दोन गोष्टी पाळाव्या. डायसल्फिराम घेणाऱ्यास आंबविलेला द्राक्षारस चालत नाहीं. म्हणून प्रभुभोजनांत न आंबविलेला रसच ठेवावा, म्हणजे कोणाला मान खालीं घालून उठून जावें लागणार नाहीं. दारूचा अंश असलेलीं खोकल्याचीं औषधें व टॉनिकेंही त्यानें टाळावीं. दुसरें, ऊसतोडीस जाणाऱ्यांचे केसपेपर त्यांच्याबरोबर जावे व औषध किती दिवसांचें न्यावें हें निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. गांवीं सुरू केलेलें औषध कारखान्याच्या तळावर संपतें, आणि तेथें गुत्ता जवळ असतो.

औषध घेणें हा अविश्वास आहे असें अजूनही कोणास वाटत असल्यास त्यानें दयाळू शोमरोन्याची गोष्ट पुन्हां वाचावी. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, आणि मग त्या मनुष्याला उतारशाळेंत नेऊन त्याची काळजी घेतली. त्यानें दोन्ही केलें.

८. त्या कोयत्याचें पुढें काय झालें

पुढें त्या बाईचा वेगळा केसपेपर निघाला. तिचें यकृत बिघडलेलें आढळल्यावरून तिला अकॅम्प्रोसेट मिळालें, नवऱ्याला डायसल्फिराम. कोपींत टांगलेल्या दिनदर्शिकेवर दोघें वेगवेगळ्या खुणा करीत. त्याची फुली, तिचा टिंब. हंगाम संपला त्या रात्रीं टोळीनें बाटल्या काढल्या, आणि ती प्याली. नवऱ्यानें तिला मारलें नाहीं, आणि तोही प्याला नाहीं. ठरल्याप्रमाणें तो मुलांना घेऊन शेजारच्या कोपींत निजला, आणि सकाळीं तिचा केसपेपर घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यांत गेला. त्या दिवशीं दिनदर्शिकेवर फुली होती, टिंब नव्हता. दुसऱ्या दिवशीं दोन्ही होतीं. हिशेब एकच असता तर दोन्ही खुणा एकदमच पुसल्या गेल्या असत्या.

चर्चेकरितां प्रश्न

१. रोज पिणाऱ्यानें घरीं एकाएकीं दारू कां बंद करूं नये? कोणत्या दिवसांत कोणतीं लक्षणें होतात?
२. नकळत औषध देण्यांत शरीराला कोणता धोका आहे, व घराला कोणता?
३. पतिपत्नी दोघेंही व्यसनी असतां कोणत्या गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्या?
४. आपल्या गांवाहून सर्वांत जवळचा असा दवाखाना कोणता, जेथें व्यसनावर उपचार होतो? तेथें रोग्याबरोबर कोण जाईल?
५. आपल्या मंडळींत असें एखादें घर आहे काय कीं ज्यांत आपण एकाचीच विचारपूस करीत आलों?